द्राक्षबागेत कृषी पर्यटन (तासगाव भाग): आधी खोल्या बांधाव्यात का?

माळावरचा

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात ४ एकर रान आहे. अडीच एकर द्राक्षं (सुपर सोनाका जात, वाय आकाराच्या मांडवावर, ९ बाय ५ फूट), उरलेल्या दीड एकरात ज्वारी, भुईमूग, थोडी भाजी. शेतात पत्र्याचं मोठं शेड, बेदाणा सुकवायची स्वतःची रॅक, प्लास्टिक कागदाचं शेततळं आणि एक बोअर. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचा पाऊण किलोमीटर पाणंद. सातबारा दोघा भावांचा सामाईक आहे. घरात आई, आम्ही दोघं भाऊ आणि दोघांच्या बायका. स्वयंपाकाला माणसं कमी पडणार नाहीत.

डोक्यात आहे ते असं: संडास-बाथरूमसह दोन खोल्या, साधारण ७ लाख कर्ज, आणि पुणे-कोल्हापूरकडचे शनिवार-रविवारचे पाहुणे. द्राक्षाचा दर आपल्या हातात नाही, म्हणून जोडधंदा हवा. पण उन्हाळ्यात पाण्याचे वांधे असतात, आणि पाहुण्यांपायी बागेचं नुकसान होऊन चालणार नाही. शेजाऱ्यांशी वाकडं पण नको. दोन वर्षं चालून बंद पडणारं काही करायचं नाही.

परवाने कोणते लागतात, सुरुवात कुठून करावी, आणि कुठे फसायला होतं? ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

फळछाटणी

खोल्यांचं नंतर बघू. आधी बागेचं वर्ष कागदावर मांडा. पाहुणा बागेत कधी शिरायचा हे फवारणीच्या वहीवरूनच ठरतं.

एप्रिलात खरड छाटणी (नवी काडी तयार व्हावी म्हणून जुनी मागे कापणं). त्यानंतर मे-जूनमध्ये बागेत दाखवण्यासारखं काही नसतं, वर ऊन चाळिशीच्या घरात. ऑक्टोबरात फळछाटणी (घड यावेत म्हणून). छाटल्यावर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावता ना? ते औषध अंगात गेलेल्या माणसानं त्या दिवसांत घोटभर दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांच्या गाडीत काय असतं ते सांगायला नको. त्या आठवड्यात बाग कुलूपबंद. पुढे फुटी, फुलोरा, जिब्रेलिकच्या डिपा (मणी फुगायला घड संजीवकात बुडवणं), डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग. ढगाळ हवा असली की दिवसाआड फवारणीचा ब्लोअर फिरतो. म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत पाहुणा ओळीत नको. फार तर मोकळ्या जागेतून लांबून बघेल.

छाटणीपासून ११० ते १३० दिवसांत माल तयार होतो. १० ऑक्टोबरची छाटणी धरली तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा मध्य. तुमचा खरा हंगाम हाच, जेमतेम तीन आठवड्यांचा. तो लांबवता येतो, खाली लिहितो.

वेलीवरचं द्राक्ष तोडून थेट तोंडात जाणार असेल तर प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते तोडणी यातले दिवस) पाळलाच पाहिजे. काहींचा आठवड्याचा असतो, काहींचा महिन्याच्या वर. त्यात सगळ्यात लांबचा जो, तो धरायचा. खायचं नसलं, नुसतं फिरायचं असलं तरी लेबलवर दिलेल्या वेळेआधी आत सोडू नका. लेबलवर काही नसेल तर कमीत कमी दोन दिवस. फाटकाजवळ पाटी लावा: शेवटची फवारणी कधी, कशाची, आत जायला कधीपासून मोकळीक. शेजारच्या बागेतून उडून येणारा फवारा बहुतेक जण विसरतात. बांधाला बांध असलेल्यांशी शुक्रवारीच बोलून घ्या, आणि पाहुण्यांसाठी राखीव ओळी त्यांच्या बांधापासून लांब, शेडच्या बाजूला ठेवा.

राखीव ओळी म्हणजे काय ते सांगतो. ९ बाय ५ ला एकरात साधारण ९६८ वेली बसतात. त्यातल्या फक्त ४० बाजूला काढा. वेलीला १२ किलो धरले तर ४८० किलो माल. माणशी २ किलो तोडून नेले तरी २४० माणसांना पुरतो. त्या ४० मधल्या २० वेली बाकी बागेबरोबर छाटा आणि २० वेली १५ ते २० दिवस उशिरा. मग तोडणीचे तीन आठवडे पाच-सहा आठवड्यांवर जातात. मागच्या निम्म्या वेलींची फवारणी वेगळी चालते, वहीत त्यांचं पान वेगळं ठेवायचं.

आता व्यापारी. सौदा झाल्यावर बाग त्याची, मग पाहुण्यांना आत सोडलंत तर भांडण ठरलेलं. सौद्याच्या आधीच या ओळी वगळल्याचं सांगा, वेलींना रंगीत फीत बांधा. एवढी काळजी का? तर घडावर जी पांढरट लव असते ती बोटानं पुसली जाते, आणि लव गेलेला घड व्यापारी बाजूला काढतो. पाहुणा एक घड तोडतो, पण चार घड हाताळून बघतो. सहा माणसांमागे घरचा एक जण, हातात कात्री, देठ धरून कापायचं. ओढाओढी नाही.

तुमच्याकडे बेदाणा आहे, ते द्राक्षापेक्षा जास्त कामाचं. व्यापाऱ्यानं सोडलेले, पण निरोगी घड वाया जात नाहीत आणि हंगाम मार्चअखेरपर्यंत लांबतो. मण्यात गोडी २२ ब्रिक्सच्या (साखरेचं माप) पुढे हवी. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते पाच मिनिटं बुडवून रॅकच्या जाळीवर पातळ पसरायचे. हवा कोरडी असेल तर पंधरा दिवसांच्या आसपास सुकतो, ४ किलो द्राक्षाचा साधारण १ किलो बेदाणा. पाहुणा पंधरा दिवस थांबणार नाही, म्हणून रॅकचे तीन कप्पे असे भरा की एकावर आजचा माल, एकावर आठवड्याचा आणि एकावर उतरायला आलेला. मणी हातात घेतला की फरक कळतो: पहिला टचटचीत, दुसरा कातडी सुरकुतलेला पण आत ओला, तिसरा दाबला तरी रस न सोडणारा. बुडवायचं द्रावण मात्र मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते अल्कली आहे. आणि गंधकाची धुरी देत असाल तर त्या दिवशी शेड बंद. दम्याच्या माणसाला एवढासा धूरही पुरतो.

---

जोंधळा

वरच्या प्रतिसादाला जोड. दीड एकरातले अडीच-तीन गुंठे हुरड्याला द्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारी मोकळा जात नाही.

हुरड्याची गंमत आठ-दहा दिवसांचीच. पुढे दाणा घट्ट होतो आणि कितीही भाजला तरी चिवट लागतो. सगळी एकदम पेरली की एका शनिवारी चंगळ आणि पुढच्या शनिवारी वैरण. म्हणून अर्ध्या अर्ध्या गुंठ्यात, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पाच पेरण्या करा, पहिली सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. वाण फुले मधुर किंवा गुळभेंडी घ्या. मालदांडीचाही होतो, पण दाणा कणसातून सुटायला त्रास देतो. ४५ बाय १५ सेंटीमीटरला गुंठ्यात साधारण दीड हजार ताटं बसतात, म्हणजे एका पेरणीत साडेसातशे. माणशी चार कणसं. पाखरांनी निम्मं नेलं तरी एका खेपेला नव्वद माणसांचं निघतं. उरलेल्याची ज्वारी होतेच, नुकसान काही नाही.

आगटी (हुरडा भाजायचा विस्तव) शेडपासून आणि वैरणीच्या गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. शेजारी पाण्याची भरलेली घागर.

---

दप्तरवाला

कागदपत्रांचं लिहितो.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० चं. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. तुमचा भाग संचालनालयाच्या पुणे विभागात येतो. सातबारा, ८अ, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न परवाना ही कागदं तयार ठेवा. सातबारा सामाईक आहे म्हणताय, तर भावाची लेखी संमती आधी घ्या. अर्ज इथंच अडकून बसतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही घेऊन ठेवावा. नोंदणी झाली की बँकेत बोलायला सोपं जातं.

जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणी लागणारच. छोट्या उलाढालीला फक्त नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी फुकट आहे. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका.

बांधकामाबद्दल: स्वतःच्या वापराचं शेतघर वेगळं आणि भाड्यानं द्यायच्या खोल्या वेगळ्या. शेतघर म्हणून परवानगी घेऊन पाहुणे ठेवायला लागलात तर पुढे नोटीस येऊ शकते. खोल्या बांधायच्याच असतील तर पायाखोदाईच्या आधी तहसील कार्यालयात वापर काय हे लिहून विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून शेडमधले दिवे, पंखे, गिझर चालवायचे नाहीत. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. वेगळं मीटर घ्या. शिवाय शेतीची थ्री-फेज काही तासच असते, ती पण कधी दिवसा, कधी रात्री. पाहुणे सकाळी अंघोळीला आणि टाकी रिकामी, असं नको असेल तर उंचावर किमान २,००० लिटरची टाकी ठेवा, आणि ती आदल्या रात्री भरलेली आहे हे बघायचं काम एकाच माणसाकडे द्या.

जीएसटी: एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी लागत नाही. बुकिंगच्या ॲपवरून खोली दिली तर तुम्ही नोंदणीकृत नसताना तो कर ॲपवाल्यानं भरायचा असतो, पण ॲपचं कमिशन धरून दर ठरवा.

मुक्कामी पाहुण्यांची वही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते.

---

मुरूम_आणि_माती

तुमच्या प्रश्नात पाण्याचा उल्लेख एका ओळीत आहे, खरं तर धंदा तिथंच अडतो.

शहरातला माणूस मुक्कामाला दिवसाला १०० ते १३५ लिटर पाणी घालवतो. ८ माणसं, महिन्यात ८ रात्री, १०० लिटरनं धरलं तरी ६,४०० लिटर. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला एक टँकर. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला ३०-३५ लिटर पुरतात. हा फरक लक्षात ठेवा.

पत्र्याचं शेड आहे ना? एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शेड १०० चौरस मीटर धरा, आपल्याकडचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा, वीस टक्के वाया गेलं तरी ४०,००० लिटर. पन्हळ, पहिलं पाणी बाहेर काढायला खाली बूच असलेला उभा पाइप, मग वाळू-कोळशाची गाळणी आणि झाकलेली टाकी. अवकाळीतला एखादा पाऊस सोडला तर पहिलं पाणी जूनमध्ये, तेव्हा टाकी मे महिन्यात धुवायची. फवारणीचा फवारा पत्र्यावर बसतो, म्हणून मोठ्या पावसाचं पहिलं पाणी सोडूनच द्यायचं, आणि ऑक्टोबरात फवारे वाढले की टाकीची वाट बंद करायची. हे पाणी प्यायला वापरणार असाल तर तपासून आणि उकळून. बोअरचं पाणी क्षारट असेल तर आरओ बसवण्याचा मोह होतो, पण तो जितकं शुद्ध देतो त्याहून जास्त बाहेर फेकतो. दुष्काळी भागात ते परवडत नाही. बसवलाच तर फेकलेलं पाणी फरशी धुवायला घ्या.

अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी द्राक्षाला सोडू नका. साबणातलं सोडियम आणि क्लोराईड वेलीला मानवत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि जमीन काळी असेल तर ती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होत जाते. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारी छोटी टाकी, मग कर्दळ-अळूचा पाच-सहा मीटर लांब खड्डा, शेवटी केळी. तेलाची टाकी दर आठवड्याला हातानं साफ करावी लागते. ती साफ केली नाही की कर्दळीच्या मुळ्या तेलकट होऊन कुजतात आणि महिन्याभरात वास सुटतो.

संडास. दहा माणसांच्या सेप्टिक टँकला आतून लांबी २ मीटर, रुंदी ०.९ मीटर, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. दोन वर्षांनी उपसायचा, या हिशेबानं. गवंडी सवयीनं एकच मोठा चौकोनी खड्डा करतात. मधली भिंत आणि टी-पाइप नसला तर घाण सरळ शोषखड्ड्यात जाते आणि तो वर्षात तुंबतो. काळ्या रानात दुसरी अडचण: माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, टँकच्या भिंतीला तडा जातो. शिवाय काळी माती पाणी पीत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, टँकभोवती वीतभर मुरूम भरा, आणि शोषखड्डा मुरमातच घ्या. बोअर आणि विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर, उताराच्या खालच्या अंगाला.

शाळेची सहल घेणार असाल तर आधी हे करून बघा: ५० मुलं, दोन संडास, एकेकाला तीन मिनिटं. सव्वा तास. तोवर निम्मी मुलं बांधावर. मुलींच्या बाजूला जास्त सोय लागते, तिथं दोन आणि मुलग्यांसाठी एक संडास व साधी मुतारी असं केलं तर खर्चही आटोक्यात येतो.

कचऱ्याची गाडी शेतापर्यंत येत नाही. पाण्याच्या बाटल्या विकायच्याच नाहीत, माठ आणि स्टीलचे तांबे ठेवा. पळसाच्या पत्रावळी घ्या, पण वरून प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या नकोत. त्या ना जनावर खातं ना खड्ड्यात कुजतात.

---

हिशेबनीस

वरच्या सगळ्यांनी खोल्यांना बगल दिली आहे, मी आकड्यात सांगतो. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा.

दिवसाची सहल, माणशी ६०० रुपये (नाश्ता, जेवण, बागफेरी, बेदाणा, चहा). माणसागणिक खर्च: जेवण-नाश्ता २००, द्राक्षं-हुरडा ६०. माणसं कितीही आली तरी लागणारा रोजचा खर्च: मदतीला दोन बायका १,०००, पाणी-सरपण-सफाई ६००. म्हणजे दर माणशी ३४० उरतात आणि १,६०० आधी वसूल व्हावे लागतात. पाच माणसं आली की खर्च निघाला. वीस आली तर ५,२०० हातात. पण रोज वीस येणार नाहीत, सरासरी बारा धरा: २,४८० रुपये. दहा आठवडे, शनिवार-रविवार, म्हणजे वीस दिवस. हंगामाचे ४९,६००. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही, ती धरली तर आकडा आणखी खाली येतो.

आता तुमचे ७ लाख. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षं, हप्ता साधारण ११,८००, वर्षाचे १,४१,६००. खोली २,००० ला दिली आणि त्यात ६०० खर्च गेला तर १,४०० उरतात. नुसता हप्ता फेडायला वर्षात साधारण १०१ खोली-रात्री भरायला हव्यात. दोन खोल्या, शुक्रवार-शनिवार रात्री, दहा आठवडे: ४०. बाकीच्या ६१ कुठून आणणार? मे महिन्यात तासगावला मुक्कामाला कोण येतं? हप्ता मात्र मे महिन्यातही येतो.

म्हणून पहिला हंगाम दिवसाच्या सहलींचा. खर्च फक्त तीन संडास, सांडपाणी, टाकी, शेडला सावलीची जाळी आणि बसायच्या सतरंज्या यावर. हे सगळं पुढे खोल्या बांधल्या तरी वाया जात नाही.

दर कमी ठेवून सुरुवात करायचा मोह टाळा. ३०० ला घेतलेला माणूस पुढच्या वर्षी ६०० देत नाही, आणि ३०० मध्ये तुमचे २६० जाऊन ४० उरतात. १,६०० काढायला चाळीस माणसं लागतील, मग बागेत जत्रा भरते. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. अवकाळी आला तर तारीख बदलून द्या, पैसे परत करत बसू नका, पण हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा.

---

माळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. खोल्यांचा हिशेब बघून झोप उडाली खरी. दोन शंका आहेत. (१) महिलांच्या नावावर केलं तर सरकारचं व्याज परत मिळतं असं ऐकलंय, आईच्या किंवा बायकोच्या नावावर केलं तर गणित जमेल का? (२) पाहुण्यांना शेततळ्यात पोहू द्यावं का? सगळे तेच विचारतात.

---

हिशेबनीस

(१) ते पर्यटन विभागाचं 'आई' धोरण, २०२३ चं. महिलेच्या मालकीच्या आणि तिनंच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. निम्म्या कामगार महिला हव्यात. पर्यटन संचालनालयाची नोंदणी हवी, आणि हप्ते वेळेवर गेलेले हवेत. शब्द परतावा आहे: आधी तुम्ही भरायचं, मग ते येणार.

७ लाखांवर सात वर्षांत व्याज साधारण २ लाख ९१ हजार होतं, म्हणजे मर्यादेत बसतं. सगळं परत आलं असं धरलं तरी मुद्दल वर्षाला १ लाख. त्याला साधारण ७१ खोली-रात्री लागतात आणि तुमच्या हातात ४० आहेत. फरक कमी झाला, मिटला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात मुक्कामाची मागणी खरोखर वहीत दिसली तर एकच खोली बांधा, ३-३.५ लाखांत. नावाचं म्हणाल तर जी खरोखर चालवणार तिच्याच नावावर करा. नुसतं नाव लावलं तर तपासणीत कळतं, आणि घरातही वाजतं.

---

मुरूम_आणि_माती

(२) अजिबात नाही. कागदाचं शेततळं विहिरीपेक्षा वाईट. विहिरीला निदान पायऱ्या किंवा दगडांच्या खाचा असतात. इथं कागदावर शेवाळ धरलेलं असतं, उतार दीडास एक, पाय टेकतो आणि घसरतो. पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो, कारण बाहेर यायला धरायला काही नसतं. पाहुणे येण्याआधी चारही बाजूंनी पाच फूट जाळीचं कुंपण आणि कुलूप. चारही काठांवर लोखंडी खुंटी ठोकून तिला बोटभर जाडीचा नायलॉन दोर बांधा, फुटाफुटावर गाठ, दोराचं टोक तळापर्यंत. गाठ नसलेला दोर ओल्या हातातून निसटतो. काठावर हवा भरलेल्या ट्यूबा, त्याही दोराला बांधलेल्या. उन्हानं दोर कुजतो, दर वर्षी बदला. आणि जनदायित्वाचा विमा (पाहुण्याला इजा झाली तर भरपाईचा) उतरवा, हप्ता फार नसतो.

जाता जाता: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस कायम असते का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून नंबर शेडमध्ये लावा.

---

जोंधळा

पावसाळ्यात काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तासगावच्या गणपतीचा रथोत्सव गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असतो, देवळाचं गोपुर बघायलाही लोक येतात. त्याच दिवसांत सागरेश्वर अभयारण्य हिरवं असतं, पायथ्याला देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. दंडोबाचा डोंगरही तेव्हाच बघण्यासारखा. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सतारमेकर गल्लीत काम चालू असताना बघता येतं, फक्त आधी विचारून जावं, तो त्यांचा कामाचा वेळ असतो. बागेत फवारे चालू असतात तेव्हा असा दिवस आखा आणि तुमच्याकडे फक्त दुपारचं जेवण ठेवा: भाकरी, अख्खा मसूर, खरडा, शेंगदाण्याची चटणी. माणशी ३००, बागफेरी नाही.

भाकऱ्या गावातल्या बचत गटाकडून नगावर घ्या, पैसे त्याच दिवशी द्या. पाणंदीवरच्या शेजाऱ्यांचा हरभरा, हळद, भुईमुगाच्या शेंगा तुमच्या शेडमध्ये त्यांच्याच दरानं विकायला ठेवा. पाणंदीत समोरासमोर गाड्या आल्या की चाक त्यांच्याच पिकात जाणार, तेव्हा हे आधीच केलेलं बरं. मोठी बस डांबरीवरच थांबवा.

---

फळछाटणी

बेदाणा पुडीत भरून विकणार असाल तर एक लक्षात ठेवा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ती खूण पुडीवर छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर खूण न लावता विका. पुडीवर वजन, पॅकिंगची तारीख, अन्न नोंदणीचा क्रमांक आणि पत्ता हवा. पाव किलोच्या पुड्या करा, एक किलोची कुणी उचलत नाही. आणि रंगावरून भाव करणाऱ्या पाहुण्याला तपकिरी बेदाणाही चाखायला द्या, बरेच जण तोच घेऊन जातात.

या ऑक्टोबरात छाटणी कोणत्या तारखेला धरताय? ते कळलं तर राखीव वेलींच्या दोन्ही तारखा काढून देतो.

---

माळावरचा

१२ ऑक्टोबर धरलीय. उरलेल्या २० वेली ३० ऑक्टोबरला छाटाव्यात का?

---

फळछाटणी

चालेल. पहिल्या वीसचा माल ३० जानेवारी ते १९ फेब्रुवारी, दुसऱ्या वीसचा १७ फेब्रुवारी ते ९ मार्च. थंडी कडक पडली तर दोन्ही आठ-दहा दिवस पुढे सरकतील, तेव्हा बुकिंग फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारपासूनच उघडा. दुसऱ्या वीस वेलींना उशिराच्या फुटीमुळे भुरी जास्त येते, त्यांच्यावर जानेवारीत लांब काढणीपूर्व कालावधीचं औषध मारू नका.